इकॉन पार्कवरची महिलांची फूटी: कठड्याशी उभे राहून बघायचा सामना

मेलबर्नमध्ये महिलांची फूटी बघायची असेल तर कार्लटन नॉर्थमधल्या इकॉन पार्कवर जा, आणि छताखालची खुर्ची सोडून खाली मैदानाच्या कठड्याशी जागा धरा. कार्लटनच्या महिला संघाचा घरचा सामना इथे असतो. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल: क्रिकेटसारख्या अंडाकृती मैदानावर, लंबगोल चेंडूने, हातांनी आणि पायांनी खेळायचा खेळ. महिलांच्या राष्ट्रीय लीगला सगळे एएफएलडब्ल्यू म्हणतात. 2017 मध्ये आठ संघांनी ती सुरू झाली, आता अठरा संघ आहेत. हंगाम साधारण ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो.

जुने प्रेक्षक या मैदानाला प्रिन्सेस पार्कच म्हणतात. 1897 पासून 2005 पर्यंत पुरुषांचे मोठे सामने इथे होत. मग ते शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर गेले आणि हे मैदान सरावापुरते उरले. त्याला पुन्हा गर्दी दिसली ती 3 फेब्रुवारी 2017 च्या रात्री. लीगचा पहिलावहिला सामना होता, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड, प्रवेश फुकट. 24,568 लोक आत आल्यावर दरवाजे बंद करावे लागले, आणि बाहेर उरलेल्यांची माफी मागायला लीगचे प्रमुख स्वतः दारापाशी गेले. कार्लटनने तो सामना 46-11 असा जिंकला. त्यानंतर मैदानाची डागडुजी झाली, महिला संघासाठी चांगल्या चेंजिंग रूम आल्या, टीव्हीला पुरतील असे दिवे आले, पण क्षमता साधारण तेरा हजारांवर आली. साखळीतल्या साध्या सामन्याला दोन-चार हजार लोक येतात. म्हणजे हवी ती जागा मिळते, आणि तरीही मैदान ओसाड वाटत नाही. या खेळाला हे माप अगदी बरोबर बसते.

कठडा का? या खेळाचा निम्मा भाग कानांनी बघायचा असतो म्हणून. मोठ्या स्टेडियमवर पन्नास हजारांच्या आवाजात खेळाडूंचे बोलणे बुडून जाते. इथे कंबरेइतक्या कठड्याला टेकून उभे राहिलात तर जवळची खेळाडू सहकाऱ्याला ‘टाइम!’ असे ओरडून सांगते ते स्वच्छ ऐकू येते. त्याचा अर्थ: तुझ्या मागे कोणी नाही, घाई करू नकोस, मान वर करून बघ. ती हाक आली नाही आणि चेंडू घेणारी पाठमोरी असली तर पुढच्या सेकंदाला टॅकल होणार, म्हणजे विरुद्ध संघाची खेळाडू तिला धरून अडवणार, हे तुम्हाला तिच्याआधी कळते. बुटाचा चेंडूवर बसलेला नीट टोला आणि चुकलेला टोला यांचे आवाजही वेगळे असतात. चेंडूच्या टोकाजवळ नीट बसला की भरीव ठणका येतो, पोटावर बसला की पिचका फट्ट. सामन्याचे चार भाग असतात, त्यांना क्वार्टर म्हणतात. दोन क्वार्टर कान देऊन उभे राहिलात की चेंडू हवेत असतानाच तो कुठवर जाईल याचा अंदाज येऊ लागतो.

पहिल्यांदा येणाऱ्यांचा गोंधळ होतो तो गुणांत आणि शिट्ट्यांत. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात, शेजारच्या दोन खांबांत 6.4 मीटर अंतर. पायाने मारलेला चेंडू कोणाचाही हात किंवा खांब न लागता मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला, किंवा मधून जातानाच कोणाचा हात लागला, तर बिहाइंड, एक गुण. फलकावर 9.2 (56) असे दिसले की नऊ गोल आणि दोन बिहाइंड, म्हणजे चोपन्न अधिक दोन. 2025 च्या अंतिम सामन्यात नॉर्थ मेलबर्नची धावसंख्या नेमकी हीच होती. ‘धावसंख्या’ हा शब्द क्रिकेटचा, पण आपल्या तोंडात तोच बसतो. गोल अंपायर दोन बोटे पुढे करून दोन झेंडे हलवतात तेव्हा गोल, एक बोट आणि एक झेंडा म्हणजे बिहाइंड. गर्दीच्या ओरडण्यावर जाऊ नका, झेंडे बघा. बाजूने बघणाऱ्या अर्ध्या लोकांना चेंडू खांबाच्या आतून गेला की बाहेरून हे दिसतच नाही.

मार्क ही आपल्या प्रेक्षकाला सर्वांत लवकर भावणारी गोष्ट. पायाने मारलेला आणि निदान 15 मीटर आलेला चेंडू जमिनीला न लागता झेलला की खेळ तिच्यापुरता थांबतो आणि तिला निवांत किक मिळते. थोडक्यात, चार जणींच्या धक्क्यांत घेतलेला कॅच. गर्दी एकदम ‘बॉल!’ असा लांब हेल काढते ते मात्र दुसऱ्याच कारणासाठी. चेंडू घेऊन पळणारीला टॅकल झाला, आधी तिला तो सोडायची संधी होती आणि तरी तिने तो नीट किक किंवा हँडबॉल केला नाही, तर चेंडू विरुद्ध संघाला मिळतो. गर्दी हा निर्णय अंपायरकडे मागत असते. दहातल्या निम्म्या वेळा तो मिळत नाही, कारण टॅकल झालेल्या खेळाडूला आधी संधीच नव्हती. हा ‘आधी संधी होती का’ प्रश्न मनात ठेवलात तर शिट्टीचा अर्थ लागत जातो. हँडबॉल म्हणजे एका तळहातावर चेंडू ठेवून दुसऱ्या मुठीने मारणे. सरळ फेकला तर फाउल.

पुरुषांची फूटी बघत असाल तर काही फरक आधीच लक्षात घ्या, नाहीतर अंपायरवर उगाच राग येतो. इथे एका संघाच्या अठरा नव्हे, सोळाच खेळाडू मैदानात असतात, बाकावर पाच. चेंडू चार नंबरचा, म्हणजे पुरुषांच्या पाच नंबरपेक्षा थोडा लहान. क्वार्टर 15 मिनिटांचे, घड्याळ थांबवण्याचे नियम आखडते, त्यामुळे मध्यंतरासकट दोन तासांच्या आसपास सामना उरकतो. मध्यावर खेळ सुरू करताना अंपायर चेंडू जमिनीवर आपटत नाहीत, वर फेकतात; पुरुषांत 2025 पर्यंत तो आपटत असत. सर्वांत महत्त्वाचा नियम सीमारेषेवरचा आहे, पुरुषांत तो 2025 पर्यंत नव्हता. दोन्ही गोलांसमोरच्या 50 मीटरच्या कमानी सोडून मधल्या भागात किक किंवा हँडबॉल केलेला चेंडू कोणाला न लागता रेषेबाहेर गेला की तो विरुद्ध संघाचा. या नियमाने रेषेलगत चेंडू ढकलत वेळ काढणे बंद होते आणि खेळ मैदानाच्या मध्याकडे वळतो. कठड्याशी उभे असाल तर हा प्रसंग तुमच्यापासून चार हातांवर घडतो: रेषेकडे सरपटत जाणारा चेंडू, मागे पळणाऱ्या दोघी, आणि वाटेत कोणाचा हात लागला का यावर सगळा वाद.

गुण कमी होतात अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धवट आहे. मैदान तेवढेच, माणसे चार कमी, किक साधारण तीस-चाळीस मीटरची. त्यामुळे चेंडू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायला एखाद-दुसरी जादा किक लागते, आणि प्रत्येक जादा किकमागे चेंडू गमावण्याची एक जादा शक्यता येते. 2018 चा अंतिम सामना याच मैदानावर पावसात झाला आणि वेस्टर्न बुलडॉग्जने तो 27-21 असा जिंकला. गुण इतके थोडे की शेवटच्या मिनिटापर्यंत एका गोलाने पारडे फिरत होते. अशा सामन्यात टॅकल मोजावेत, गोल नव्हे.

जागेचा प्रश्न वाऱ्याने आणि उन्हाने सोडवायचा. साध्या तिकिटावर खुर्ची ठरलेली नसते, तेव्हा क्वार्टर संपला की जागा बदलता येते. मेलबर्नमध्ये सूर्य उत्तरेकडून जातो हे आपण विसरतो. लहानपणापासून दक्षिणेकडे झुकलेले ऊन बघितलेल्या माणसाची इथे हमखास गल्लत होते. दुपारी एकच्या सामन्याला उत्तर टोकाला गोलाच्या मागे उभे राहिलात तर ऊन पाठीवर राहते, पूर्वेच्या बाजूला बसलात तर तिसऱ्या क्वार्टरपासून डोळ्यांत येते. वाऱ्यासाठी छपरावरचे झेंडे बघा, आणि सराव चालू असताना गोलावर मारलेल्या किक कुठल्या बाजूला वाहून जातात ते बघा. लहान चेंडू, मध्यम लांबीची किक आणि जोराचा वारा असला की बहुतेक गोल एकाच टोकाला होतात, मग तिकडे कुठलाही संघ मारत असो. पहिल्या क्वार्टरमध्ये ते टोक ओळखा आणि पुढचा एक क्वार्टर त्या गोलाच्या मागे घालवा. सेट शॉट, म्हणजे थांबून निवांत मारलेली गोलावरची किक, घेताना खेळाडू चेंडू वाऱ्यात बाहेर सोडून आत वळवते ते तिथूनच कळते. उरलेले तीन क्वार्टर विंगवर, म्हणजे लांब बाजूच्या मध्यावर उभे राहा, शक्यतो बाकाजवळ. बदली खेळाडू धापा टाकत बाहेर येते, प्रशिक्षकांशी फोनवर बोलते आणि दोन मिनिटांत परत आत जाते, हा खेळाचा आतला संसार तिथे दिसतो. गोलामागे लहान मूल कडेवर घेऊन उभे राहू नका. चेंडू जाळीवरून, बाजूने, कुठूनही येतो आणि जोरात येतो. आलेला चेंडू परत द्यावा लागतो, घरी नेता येत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कठड्याशी वारा बोचतो. लोकरीची टोपी आणि वाऱ्याला अडवणारे जाकीट हवे. नुसता स्वेटर पुरत नाही, कारण वारा विणीतून आत शिरतो. छत्री नेऊ नका, मागच्याला काही दिसत नाही. साधा टोपीचा रेनकोट बरा. नोव्हेंबरमध्ये याच्या उलट: सनस्क्रीन, पाणी, कॅप.

जायचे कसे? फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोर एलिझाबेथ स्ट्रीटवरून नॉर्थ कोबर्गला जाणारी 19 नंबरची ट्रॅम पकडा. ती रॉयल परेडवरून मैदानाला चिकटून जाते. चूक होते ती भाड्यात. शहराच्या मध्यभागी ट्रॅम फुकट आहे, पण ती हद्द क्वीन व्हिक्टोरिया मार्केटपाशी संपते आणि मैदान तिच्या बाहेर आहे. त्यामुळे चढतानाच मायकी, म्हणजे भाड्याचे कार्ड, टच करा, पुढे तपासनीस आला तर ‘मी फ्री झोनमध्ये चढले’ हे चालत नाही. टारनीटहून येणाऱ्यांनी गीलाँगकडून येणाऱ्या व्हीलाइन गाडीने सदर्न क्रॉसला उतरावे, पॉइंट कुकवाल्यांनी विल्यम्स लँडिंगहून गाडी घ्यावी. क्रॅनबोर्न, पॅकनम आणि सनबरी या मार्गांवरच्यांना मेट्रो टनेलमधले पार्कव्हिल स्टेशन सोयीचे. तिथून वर येऊन तीच 19 नंबरची ट्रॅम उत्तरेकडे घ्यायची. गाडी आणायचा मोह टाळा. आसपासच्या गल्ल्यांत वेळेची मर्यादा असलेली पार्किंग आहे आणि सामना तिच्यापेक्षा लांबतो.

तिकीट गेल्या काही हंगामांत मोठ्या माणसाला दहा-पंधरा डॉलरच्या घरात राहिले आहे आणि अठरा वर्षांखालच्यांना फुकट. चार जणांचे कुटुंब तीसेक डॉलरमध्ये राष्ट्रीय लीगचा सामना बघते, हे मेलबर्नच्या खर्चात दुर्मीळ आहे. फुकट असले तरी मुलांचेही तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. नाहीतर दारापाशी फोनवर फॉर्म भरत बसावे लागते आणि पहिला थ्रो-अप हुकतो.

खाण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. फूटीचा पारंपरिक खाऊ म्हणजे गरम मीट पाय, आणि त्यात काही वेगळे लिहिले नसेल तर बीफ असते. न खाणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सॉसेज रोलचेही तेच. गरम चिप्स आणि जॅम भरलेले डोनट शाकाहारी माणसाचे आधार. चिप्सवर चिकन सॉल्ट टाकतात. पुष्कळदा त्यात कोंबडी नसते, नुसता मसाला असतो, पण ब्रँडनुसार फरक पडतो, म्हणून साधे मीठ मागितलेले बरे. डोनट हातात घेतल्यावर दोन मिनिटे थांबा, आतला जॅम जीभ भाजतो. घरचा डबा नेता येतो, काचेची बाटली आणि बाहेरची दारू नाही. उभ्याने खायचे असल्यामुळे रस्सा टाळा. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची कोरडी भाजी किंवा थालीपीठ सर्वांत सोयीचे.

आता गोलाच्या मागे बसणाऱ्या चिअर स्क्वॉडविषयी, म्हणजे संघाच्या पाठीराख्यांच्या टोळीविषयी. हातात मोठमोठे झुपकेदार रंगीत गोंडे असतात, त्यांना फ्लॉगर म्हणतात. आपल्या संघाचा गोल झाला की ते सगळे एकदम हलतात. सामन्याआधी दोन खांबांना ताणून उभा करतात तो कागदी फलक, ज्यातून संघ पळत बाहेर येतो, तोही यांचाच. तो क्रेप कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडून बनवतात, कारण घट्ट कापड असते तर पळणारी खेळाडू अडकून पडली असती. कागद सहज फाटावा लागतो, आणि तिथेच घोटाळा होतो. वारा समोरून आला तर फलक शिडासारखा फुगतो आणि संघ यायच्या आत मधोमध फाटतो. जाणते लोक फलक वाऱ्याशी तिरका धरून आणतात आणि अगदी शेवटच्या क्षणी ताठ उभा करतात. पावसात दुसरी अडचण: क्रेपचा रंग सुटतो आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. हे सगळे बघायचे तर सामन्याआधी निदान अर्धा तास पोहोचायला हवे.

एक शब्द जपून वापरा. ऑस्ट्रेलियात आपल्या संघाला पाठिंबा देणे याला ‘बॅरॅक’ करणे म्हणतात. अमेरिकन ‘रूट’ इथे अश्लील आहे आणि शेजारची आजी चमकून बघेल. विरुद्ध संघाच्या पाठीराख्यांत बसलात तरी त्रास होत नाही, वेगळे विभाग नसतात. 2019 च्या अंतिम सामन्यात अॅडलेड ओव्हलवर अॅडलेडचीच खेळाडू एरिन फिलिप्स गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली तेव्हा 53,034 लोकांचे मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यात समोरच्या कार्लटनचेही लोक होते. महिला फूटीच्या प्रेक्षकांची वृत्ती ही अशी आहे.

याच आकड्यावरून या मैदानाची खरी मर्यादा कळते. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षांचे अंतिम सामने इकॉन पार्कवर झाले आणि गर्दी बारा हजारांच्या आसपासच राहिली, कारण त्याहून फारशी मावतच नाही. साखळी सामन्याला जे माप नेमके, ते अंतिम सामन्याला अपुरे पडते. अॅडलेडला त्रेपन्न हजार लोक आले होते, तेव्हा हौस नाही असे म्हणता येणार नाही. अंतिम सामना बघायचा असेल तर तिकीट विक्री उघडेल त्याच सकाळी बसा, आणि कठड्याची आशा सोडा.

पुण्या-मुंबईतून किंवा गोव्यातून बघणाऱ्यांसाठी वॉच एएफएल ही ऑस्ट्रेलियाबाहेरच्या प्रेक्षकांची सेवा आहे. ऑस्ट्रेलियात असाल तर ती चालत नाही, तिथे सेव्हन ही वाहिनी किंवा कायो ही ऑनलाइन सेवा. वेळेचे गणित हंगामाच्या मध्यात बदलते आणि लोक हमखास चुकतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे असते, त्यानंतर घड्याळ पुढे ढकलल्यामुळे साडेपाच तास. म्हणजे दुपारी 1:05 चा सामना सप्टेंबरमध्ये आपल्याकडे सकाळी 8:35 ला, त्या रविवारपासून 7:35 ला. ब्रिस्बेन घड्याळ बदलत नाही, तिथे कायम साडेचार. अॅडलेड आधी चार, मग पाच. पर्थ वर्षभर अडीच. टीव्हीवर आवाज जरा मोठा ठेवा, मैदानाजवळच्या माइकमधून खेळाडूंच्या हाका थोड्या तरी येतात. कठड्याची सर नाही, पण समालोचनापेक्षा त्या जास्त शिकवतात.

शेवटच्या सायरननंतर लगेच ट्रॅमकडे पळू नका. खेळाडू कठड्याजवळून फिरत सह्या देतात, फोटो काढू देतात, लहान मुलींशी बोलत थांबतात, आणि हे घाईघाईत उरकत नाहीत. पुष्कळदा प्रेक्षकांना मैदानात सोडतात, मग बापलेकी, मैत्रिणी, सगळे त्याच गवतावर चेंडू मारतात. याला किक-टू-किक म्हणतात. घरून चेंडू आणलेला असेल तर उत्तम. मोठ्याने आणायचाच तर चार नंबरचा आणा, लहान मुलांना त्याहून छोटा. त्यात हवा थोडी कमी ठेवा म्हणजे नवशिक्याच्या पायाला लागत नाही. चेंडू उभा धरायचा, हाताने पायावर अलगद सोडायचा, वर उडवायचा नाही. किक वाकडी जाते ती बहुधा या सोडण्यात, पायात नव्हे. सहीसाठी साधे पेन नको, जर्सीवर ते चालत नाही. कापडावर चालणारा जाड मार्कर न्या, आणि कार्लटनची जर्सी गडद निळी असल्याने पांढरा किंवा चंदेरी मार्कर जास्त उठून दिसतो. सही झाली की पाचेक मिनिटे जर्सी घडी न घालता हातावर पसरून धरा, नाहीतर शाई दुसऱ्या बाजूला उमटते.